संगणकीय दप्तराची अखंड सेवा

कोणत्याही कार्यालयाचे खरे भांडवल म्हणजे त्याचे दप्तर होय. अधिकारी बदलतात, कर्मचारी निवृत्त होतात, कार्यालयाची जागाही बदलते. परंतु पूर्वी काय ठरले, कोणाला काय मंजूर झाले आणि कोणाचा अर्ज कोठे थांबला, हे दप्तरावरूनच कळते. रुमालात बांधलेली कागदपत्रे, नस्त्या आणि नोंदवह्या यांची जागा आता मोठ्या प्रमाणावर संगणकाने घेतली आहे. पूर्वी कपाटात राहणारी टिपणी आज फाइल सर्व्हरवर, म्हणजे कार्यालयातील सर्वांच्या धारिका एकत्र सांभाळणाऱ्या मध्यवर्ती संगणकावर असते.

या बदलामुळे कामाला गती आली हे निर्विवाद आहे. त्याबरोबर एक नवी जोखीमही आली. कपाटाची किल्ली हरवली तर एका कपाटातील नस्त्या अडकून पडत. सर्व्हर बंद पडला तर सर्व कार्यासनांचे काम एकाच वेळी थांबते. निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव, पूरग्रस्तांच्या नुकसानभरपाईची यादी, न्यायालयात सादर करावयाचे शपथपत्र अशा निकडीच्या कागदांना सर्व्हर दुरुस्त होईपर्यंत थांबण्याची मुभा नसते. सर्व्हर बंद पडला तरी काम चालू राहावे आणि सर्व्हर नष्ट झाला तरी दप्तर शिल्लक राहावे, यासाठी कोणती व्यवस्था असते, ती कशी चालते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याची माहिती संगणकतज्ज्ञांइतकीच कार्यालयप्रमुखांनाही असणे आवश्यक आहे.

आगीने शिकविलेले दोन धडे

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि ती वरच्या मजल्यांवर पसरली. या दुर्घटनेत पाच जणांना प्राण गमवावे लागले आणि अनेक विभागांच्या नस्त्या भस्मसात झाल्या. कागद एकाच ठिकाणी आणि एकाच प्रतीत असला म्हणजे काय घडते, हे महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिले. कागदपत्रांचे संगणकीकरण करण्याची निकड त्यानंतर अधिक तीव्रतेने जाणवू लागली.

परंतु कागद संगणकावर नेला म्हणजे तो सुरक्षित झाला असे नाही. याचे अलीकडचे आणि अत्यंत बोलके उदाहरण दक्षिण कोरियातील आहे. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री देजन शहरातील राष्ट्रीय माहिती संसाधन सेवेच्या इमारतीत पाचव्या मजल्यावरील संगणककक्षात आग लागली. अखंड वीजपुरवठ्यासाठी बसविलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्या तेथून हलविण्याचे काम त्या वेळी सुरू होते. आग पूर्णपणे विझविण्यास सुमारे २२ तास लागले. शासनाच्या सहाशेहून अधिक संगणकप्रणाली बंद कराव्या लागल्या. त्यांत टपाल आणि ओळखपत्र यांसारख्या नागरिकांच्या नित्य उपयोगाच्या सेवाही होत्या.

या आगीत ‘जी-ड्राइव्ह’ नावाची यंत्रणा पूर्णतः नष्ट झाली. ही यंत्रणा म्हणजे शासकीय कर्मचाऱ्यांचा सामाईक फाइल सर्व्हरच होता. प्रत्येक कर्मचाऱ्यास तीत ३० गिगाबाइट जागा दिलेली होती. कामाची कागदपत्रे स्वतःच्या टेबलावरील संगणकात न ठेवता याच ठिकाणी ठेवावीत, अशी सूचना कर्मचाऱ्यांना २०१८ पासून होती. एकूण ८५८ टेराबाइट माहिती तेथे साठली होती. या साठ्याचे आकारमान फार मोठे आणि साठवणयंत्रणा संथ गतीची असल्यामुळे त्याची प्रत अन्यत्र ठेवण्यात आली नव्हती. इतर अनेक प्रणालींच्या प्रती बाहेर होत्या, जी-ड्राइव्हची नव्हती. रीतसर मंजूर झालेली कागदपत्रे वेगळ्या प्रणालीत असल्यामुळे वाचली. परंतु कर्मचाऱ्यांची कच्ची टिपणे, तक्ते आणि वर्षानुवर्षांची कार्यपत्रे परत मिळाली नाहीत. ज्यांनी सूचनेचे काटेकोर पालन करून सर्व काही मध्यवर्ती ठिकाणी ठेवले होते, त्यांचे नुकसान सर्वाधिक झाले.

तीन स्वतंत्र व्यवस्था

संगणकीय दप्तराच्या संरक्षणासाठी तीन व्यवस्था प्रचलित आहेत. त्यांची नावे व्यवहारात एकमेकींच्या जागी वापरली जातात आणि त्यातून पुष्कळसा घोटाळा निर्माण होतो. म्हणून त्यांतील भेद प्रथम स्पष्ट करणे इष्ट ठरेल.

पहिली व्यवस्था फेलओव्हर या नावाने ओळखली जाते. एखादा अधिकारी अकस्मात रजेवर गेला असता त्याच्या पदाचा अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याकडे दिला जातो आणि कार्यालयाचे काम खंडित होत नाही. त्याचप्रमाणे एक सर्व्हर बंद पडताच त्याचे काम दुसऱ्याने आपोआप हाती घेणे, म्हणजे कार्यभाराचे हस्तांतरण, हे या व्यवस्थेचे स्वरूप होय.

दुसरी व्यवस्था रेप्लिकेशनची, म्हणजे चालू प्रतिकृती ठेवण्याची. एका सर्व्हरवर धारिकेत जो बदल होईल तो लगेच किंवा थोड्या वेळाने दुसऱ्या सर्व्हरवरही उतरविला जातो. कार्यभार घेणाऱ्याच्या हाती दप्तर नसेल तर तो काम करू शकत नाही; म्हणून पहिल्या व्यवस्थेला या दुसरीचा आधार लागतो.

तिसरी व्यवस्था बॅकअपची, म्हणजे राखीव प्रतीची. ठराविक दिवशी, ठराविक वेळी दप्तर जसे होते तशी त्याची प्रत काढून ती वेगळी ठेवणे आणि नंतरच्या बदलांचा तिला स्पर्श होऊ न देणे, हे या व्यवस्थेचे कार्य आहे. पहिली व्यवस्था सेवेचे रक्षण करते, दुसरी यंत्र बिघडल्यास माहितीचे रक्षण करते आणि तिसरी मनुष्याच्या चुकीपासून व घातपातापासून वाचविते. यांपैकी एक असली म्हणजे उरलेल्या दोहोंची गरज नाही, हा समज घातक ठरलेला आहे.

दोन सर्व्हरचे गणित

यंत्र म्हटले की ते कधी ना कधी बंद पडणारच. चकती नादुरुस्त होते, वीजपुरवठ्याचा भाग जळतो, आज्ञावलीत सुधारणा करण्यासाठी यंत्र मुद्दाम बंद करावे लागते. एखादा सर्व्हर वर्षातील ९९ टक्के वेळ चालू राहतो असे मानू. हे प्रमाण वरकरणी उत्तम वाटते. परंतु उरलेला एक टक्का म्हणजे वर्षाचे ८७ तास ३६ मिनिटे होतात. कार्यालयीन वेळेच्या हिशेबाने हे दहाहून अधिक दिवस भरतात.

आता तसाच दुसरा सर्व्हर जोडीला दिला आणि दोघांपैकी एक चालू असला तरी काम चालते असे ठरविले, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता शंभरात एक गुणिले शंभरात एक, म्हणजे दहा हजारात एक इतकी उरते. वर्षाला हा वेळ केवळ सुमारे ५३ मिनिटे होतो. सामान्य प्रतीच्या दोन यंत्रांतून अत्यंत भरवशाची सेवा मिळू शकते, ती या गणितामुळे. अमेरिकेतील टँडेम कॉम्प्युटर्स ही कंपनी १९७४ मध्ये याच तत्त्वावर स्थापन झाली आणि १९७६ मध्ये तिची पहिली ‘नॉनस्टॉप’ यंत्रणा एका बँकेकडे रवाना झाली. पुढे १९८३ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने अनेक संगणकांचा समूह एकाच दप्तरावर काम करील अशी रचना बाजारात आणली. १९९७ मध्ये विंडोज एनटी प्रणालीत दोन सर्व्हरची जोडी उभारण्याची सोय आली आणि ही व्यवस्था सर्वसाधारण कार्यालयांच्या आटोक्यात आली.

मात्र वरील गणिताला एक अट आहे. दोन्ही सर्व्हर परस्परांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. ते एकाच खोलीत, एकाच वीजजोडणीवर आणि नेटवर्कच्या एकाच जोडयंत्रावर असतील, तर त्या एका गोष्टीच्या बिघाडाने दोन्ही बंद पडतील आणि दहा हजारात एक हे उत्तर निरर्थक ठरेल. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. अशा वेळी तळमजल्यावरील दोन सर्व्हर आणि एक सर्व्हर यांत काहीच फरक राहत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसराचा वीजपुरवठा सकाळच्या ऐन कामाच्या वेळी खंडित झाला. ज्यांच्या दोन्ही यंत्रांचा आधार तोच पुरवठा होता आणि ज्यांच्याकडे जनित्र नव्हते, त्यांना दुसऱ्या यंत्राचा उपयोग नव्हता. दुसरा सर्व्हर खरेदी करण्यापूर्वी, पहिल्याबरोबर तोही बंद पडेल अशी एखादी सामाईक गोष्ट आहे काय, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

कार्यभार कसा सोपविला जातो

जोडीतील दोन सर्व्हर एकमेकांना दर काही क्षणांनी एक छोटा संदेश पाठवीत असतात. ‘मी चालू आहे’ एवढाच त्याचा अर्थ. तंत्रज्ञ त्याला हृदयाच्या ठोक्याची उपमा देतात. ठरावीक संख्येने हे ठोके चुकले की जोडीदार बंद पडला असे दुसरा सर्व्हर गृहीत धरतो आणि काम हाती घेतो.

या वेळी कर्मचाऱ्याने आपल्या संगणकावर काहीही बदल करावा लागू नये, अशी योजना असते. यासाठी कर्मचाऱ्यांचे संगणक विशिष्ट यंत्राशी न जोडता एका सामाईक नावाशी आणि पत्त्याशी जोडलेले असतात. टपालावर अधिकाऱ्याच्या नावाऐवजी ‘तहसीलदार’ असे पदनाम लिहिले, तर व्यक्ती बदलली तरी पत्र योग्य टेबलावर पोहोचते, तसाच हा प्रकार. पहिला सर्व्हर बंद पडला की ते नाव व तो पत्ता दुसऱ्याकडे जातो. पूर्वी या बदलाच्या वेळी उघडी असलेली धारिका तुटत असे आणि ती पुन्हा उघडावी लागे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज सर्व्हरच्या आवृत्तीत, व्यवस्था नीट लावलेली असल्यास, उघडी धारिकाही न तुटता पुढे चालू राहण्याची सोय झाली. विनामूल्य उपलब्ध असलेल्या लिनक्स प्रणालीवरही अशी जोडी उभारता येते. एका यंत्राच्या चकतीवरील प्रत्येक नोंद नेटवर्कमार्गे दुसऱ्या यंत्राच्या चकतीवर उतरविणारी डीआरबीडी ही आज्ञावली २०१० पासून लिनक्सच्या मुख्य गाभ्यात समाविष्ट आहे.

एका खुर्चीवर दोन प्रभारी

या व्यवस्थेतील सर्वांत मोठा धोका सर्व्हर बंद पडल्यामुळे निर्माण होत नाही. दोन सर्व्हरमधील तार तुटल्यामुळे तो निर्माण होतो. दोघेही चालू आहेत, परंतु एकमेकांचे ठोके त्यांना ऐकू येत नाहीत. मग प्रत्येकाला वाटते की दुसरा बंद पडला असून कार्यभार आपल्याकडे आला आहे. दोघेही स्वतंत्रपणे नोंदी घेऊ लागतात. एकाच पदावर दोन अधिकाऱ्यांनी एकाच वेळी आदेश काढावेत, तशी ही स्थिती होय. तार पुन्हा जोडली गेली तरी कोणाचे दप्तर खरे, हे ठरविणे अतिशय कठीण होते.

हा धोका काल्पनिक नाही. संगणक-आज्ञावलींचे मोठे भांडार चालविणाऱ्या गिटहब या कंपनीच्या अमेरिकेतील दोन केंद्रांमधील संपर्क २१ ऑक्टोबर २०१८ रोजी उपकरण बदलताना अवघे ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात कार्यभार दुसऱ्या किनाऱ्यावरील केंद्राकडे गेला आणि दोन्ही ठिकाणी अशा नोंदी झाल्या की ज्या दुसरीकडे पोहोचलेल्या नव्हत्या. त्यांचा मेळ घालून सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. वापरणाऱ्यांची नोंद गमवावयाची नाही, त्यासाठी उशीर झाला तरी चालेल, असा निर्णय कंपनीने त्या वेळी जाणीवपूर्वक घेतला होता.

यावर उपाय म्हणून तिसरा साक्षीदार नेमला जातो. हे एखादे लहान यंत्र किंवा सामाईक चकतीवरील लहानशी जागाही असू शकते. त्यात दप्तर नसते. त्याचे काम केवळ मत देण्याचे. तिघांपैकी दोघांचे बहुमत ज्याच्याकडे असेल त्यानेच काम करावे. एकाकी पडलेल्याने स्वतःहून थांबावे, असा नियम असतो. याशिवाय कार्यभार घेण्यापूर्वी जुन्या सर्व्हरचा वीजपुरवठाच तोडण्याची व्यवस्थाही काही ठिकाणी केलेली असते. साक्षीदार तिसऱ्या ठिकाणी असेल तर ही व्यवस्था अधिक विश्वसनीय ठरते.

प्रतिकृती : तत्काळ की मागाहून?

प्रतिकृती ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत, दोन्ही ठिकाणी नोंद झाल्याची पोच मिळाल्याशिवाय धारिका जतन झाली असे कर्मचाऱ्यास कळविले जात नाही. येथे काहीही गमावले जात नाही. परंतु प्रत्येक नोंदीस पोच येईपर्यंत थांबावे लागते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबई ते पुणे हे अंतर १५० किलोमीटर धरले, तर जाण्यायेण्यास किमान दीड मिलिसेकंद लागेल. मुंबई ते दिल्ली १,४०० किलोमीटर धरले तर किमान १४ मिलिसेकंद लागतील. एका नोंदीसाठी हा वेळ नगण्य वाटतो. पण शेकडो कर्मचारी एकाच वेळी काम करीत असता आणि एका धारिकेसाठी अनेक लहान नोंदी होत असता तो साचत जातो व काम संथ झाल्याची तक्रार सुरू होते. म्हणून ही पद्धत एकाच इमारतीत, एकाच शहरात किंवा जवळच्या शहरात वापरली जाते.

दुसऱ्या पद्धतीत नोंद आपल्या सर्व्हरवर होताच काम पुढे जाते आणि प्रत मागाहून पाठविली जाते. अंतर कितीही असले तरी ती चालते; परंतु मूळ सर्व्हर अचानक नष्ट झाला तर शेवटच्या काही सेकंदांचे किंवा मिनिटांचे काम हरवते. म्हणून व्यवहारात दोहोंची सांगड घातली जाते. जवळच्या जोडीदाराकडे तत्काळ आणि दूरच्या केंद्राकडे मागाहून प्रत, अशी ती रचना होय. भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर अशा दूरदूरच्या ठिकाणी राष्ट्रीय माहिती केंद्रे उभारली आहेत. एकाच आपत्तीचा फटका दोन केंद्रांना एकाच वेळी बसण्याची शक्यता अशा अंतरामुळे कमी होते.

फाइल सर्व्हरच्या प्रतिकृतीबाबत दोन व्यावहारिक गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. विंडोज सर्व्हरवरील प्रचलित प्रतिकृती-सेवेत, वापरात असल्यामुळे कुलूपबंद असलेली धारिका बंद केल्याशिवाय तिची प्रत पुढे जात नाही. सकाळी उघडलेला तक्ता एखाद्या लिपिकाने संध्याकाळपर्यंत उघडाच ठेवला, तर दिवसभराचे त्याचे काम दुसऱ्या सर्व्हरवर पोहोचलेले नसते. तसेच दोन कार्यालयांत एकच धारिका दोघांनी एकाच सुमारास बदलली, तर नंतरचा बदल ग्राह्य धरला जातो आणि आधीचा बाजूला टाकला जातो. म्हणून एका धारिकेत बदल करण्याचा अधिकार एकाच ठिकाणी असावा आणि काम संपताच ती बंद करावी, एवढी शिस्त कर्मचाऱ्यांनी पाळली तरी पुष्कळ अडचणी टळतात.

प्रतिकृती म्हणजे राखीव प्रत नव्हे

प्रतिकृती मूळ प्रतीशी प्रामाणिक असते आणि हाच तिचा दोषही आहे. एखाद्याने चुकून धारिका पुसली तर प्रतिकृतीतूनही ती तत्परतेने पुसली जाते. घातक आज्ञावलीने दप्तर कुलूपबंद केले तर त्या बिघडलेल्या दप्तराचीच प्रत दुसरीकडे जाते.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने रात्री प्रतिकृतीतील बिघाड दूर करीत असता, चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा देऊन सुमारे ३०० गिगाबाइट माहिती पुसून टाकली. राखीव प्रती शोधू लागताच असे आढळले की नित्याच्या प्रती निघतच नव्हत्या आणि त्या अपयशाची सूचना देणारी पत्रेही कोणापर्यंत पोहोचत नव्हती. सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी योगायोगाने काढलेली एक प्रत हाती लागली आणि तिच्यावरून सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्या. कंपनीने ही हकिगत स्वतःहून जाहीर केली, त्यामुळे इतरांना त्यापासून बोध घेता आला.

त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक आज्ञावलीने जगभर हाहाकार उडविला. मर्स्क या नौवहन समूहाचे संगणक बंद पडले आणि त्याची झळ न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनललाही बसली. कर्मचाऱ्यांची ओळख व अधिकार यांची नोंद ठेवणारे या समूहाचे सुमारे १५० सर्व्हर जगभर पसरलेले होते. ते एकमेकांच्या प्रती ठेवीत असल्याने एकाचे नुकसान दुसऱ्यावरून भरून काढता येईल, अशी कल्पना होती. सर्व एकाच वेळी नष्ट होतील, याचा विचार झालेला नव्हता. शोध घेता घाना देशातील एकच सर्व्हर शाबूत आढळला. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेल्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्यातील माहिती असलेली चकती माणसांच्या हाती लंडनला पोहोचविण्यात आली. पुढे दहा दिवसांत या समूहाने सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. जाळ्यापासून तुटलेली एक प्रत काय करू शकते, याचे याहून मोठे प्रमाण मिळणार नाही. ती वीज गेल्यामुळे मिळाली. ती नियोजनाने ठेवता येते.

म्हणून दप्तराच्या किमान तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक कार्यालयाबाहेर असावी, असा नियम जगभर सांगितला जातो. त्यात अलीकडे आणखी एका अटीची भर पडली आहे : एक प्रत नेटवर्कपासून पूर्णपणे तोडलेली असावी. चुंबकीय फीत आजही या कामासाठी वापरली जाते, कारण यंत्रातून काढून कपाटात ठेवलेल्या फितीपर्यंत कोणतीही घातक आज्ञावली पोहोचू शकत नाही.

दोन प्रश्न कार्यालयप्रमुखासाठी

कोणती व्यवस्था किती प्रमाणात करावी, हे दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते. सेवा जास्तीत जास्त किती वेळ बंद राहिलेली चालेल, हा पहिला प्रश्न. जास्तीत जास्त किती वेळाचे काम पुन्हा करावे लागले तरी चालेल, हा दुसरा. ही उत्तरे संगणकतज्ज्ञाने द्यावयाची नाहीत. नागरिकांना सेवा देणाऱ्या विभागाने ती द्यावयाची आहेत. आपत्ती नियंत्रण कक्षाला काही मिनिटांचा खंडही परवडणार नाही. जुन्या अभिलेखांच्या छायाप्रती एक दिवस मिळाल्या नाहीत तरी चालतील. त्या कायमच्या हरवून मात्र चालणार नाहीत. सर्वांना एकच व्यवस्था लावली, तर कोठे अनाठायी खर्च होतो आणि कोठे तोकडे संरक्षण राहते.

मुंबईतील एक घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार दूरसंचार जोडण्यांतील बिघाडामुळे सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबविण्यात आले आणि दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले. बाजाराचे पर्यायी केंद्र अस्तित्वात होते. परंतु कार्यभार तेथे हलविण्यात आला नाही. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये सेबीने बाजारसंस्थांसाठी नवे निर्देश काढले. महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत आपत्ती घोषित करावी आणि घोषणेपासून ४५ मिनिटांच्या आत सेवा पूर्ववत करावी, असे त्यात ठरवून देण्यात आले. केवळ पर्यायी केंद्र असून भागत नाही, तेथे जाण्याचा निर्णय कोणी आणि किती वेळात घ्यावयाचा हेही आधी ठरलेले असावे लागते, हा त्या निर्देशांचा आशय होय.

रंगीत तालीम

आग विझविण्याची साधने भिंतीवर टांगून ठेवली, पण ती कशी वापरावयाची हे कोणास ठाऊक नसले, तर त्यांचा उपयोग होत नाही. पर्यायी सर्व्हरचेही तसेच आहे. शनिवार, २ मार्च २०२४ रोजी मुंबईतील दोन्ही प्रमुख शेअर बाजारांनी विशेष सत्र घेऊन मुख्य केंद्रावर सुरू केलेले प्रत्यक्ष व्यवहार त्याच दिवशी पर्यायी केंद्रावर नेऊन दाखविले. १८ मे २०२४ रोजी असेच सत्र पुन्हा घेण्यात आले.

कार्यालयालाही हे अनुकरणीय आहे. वर्षातून किमान एकदा सुटीच्या दिवशी मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून दुसऱ्यावर काम चालते काय, हे पाहावे. दर महिन्यास राखीव प्रतीतून कोणत्याही दहा धारिका काढून त्या उघडतात काय, हे तपासावे आणि त्याची नोंदवहीत नोंद करावी. ज्या प्रतीतून धारिका परत मिळवून पाहिलेली नाही, त्या प्रतीच्या भरवशावर कार्यालयाने निर्धास्त राहू नये.

लहान कार्यालयाने काय करावे?

ही सर्व व्यवस्था मोठ्या केंद्रांनाच शक्य आहे, असे समजण्याचे कारण नाही. तालुका पातळीवरील कार्यालय, सहकारी संस्था किंवा शाळा यांनाही अल्प खर्चात बरेच काही करता येते. प्रथम, सर्व्हरमधील चकत्या जोडीने बसवाव्यात, म्हणजे एक बिघडली तरी दुसरीवर काम चालते. मात्र या जोडीमुळे केवळ चकतीचा बिघाड निभावतो. आग, पूर, चोरी किंवा चूक यांपासून ती वाचवीत नाही. दुसरे, सर्व्हर तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर हलवावा आणि त्याच्या शेजारी बॅटऱ्यांचा साठा ठेवू नये. तिसरे, एका लहान दुसऱ्या यंत्रावर, शक्य तर दुसऱ्या इमारतीत, रोजच्या रोज प्रतिकृती जाईल असे पाहावे. चौथे, बाहेरून जोडता येणाऱ्या दोन चकत्या घेऊन त्यांवर आलटून पालटून दर आठवड्यास राखीव प्रत काढावी. प्रत निघताच चकती यंत्रापासून काढून दुसऱ्या गावातील वरिष्ठ कार्यालयात कुलपात ठेवावी. प्रतीतील मजकूर सांकेतिक लिपीत बंदिस्त करावा, कारण त्यात नागरिकांची खाजगी माहिती असते. आणि तो उघडण्याची किल्ली एकाच माणसाच्या स्मरणावर सोडू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या कामाची जबाबदारी नावानिशी एका कर्मचाऱ्याकडे आणि त्याच्या अनुपस्थितीत दुसऱ्याकडे लेखी दिलेली असावी. सर्व्हरला पर्याय ठेवला आणि तो सांभाळणाऱ्याला ठेवला नाही, तर व्यवस्था पुन्हा एकावरच येऊन ठेपते.

शासकीय कार्यालयात पत्र पाठविले की त्याची कार्यालयीन प्रत नस्तीत लावण्याचा रिवाज जुना आहे. मूळ पत्र वाटेत गहाळ झाले तरी काय लिहिले होते ते दाखविता यावे, हा त्यामागील हेतू होता. माध्यम बदलले तरी हा हेतू बदललेला नाही. कार्यालयात अर्ज देऊन पोच घेऊन गेलेला नागरिक आपला कागद सुरक्षित आहे असे समजूनच घरी जातो. त्याचा हा विश्वास राखण्यासाठी संगणकीय दप्तराची प्रत वेगळ्या जागी असणे, ती वेळोवेळी तपासली जाणे आणि एका यंत्राचे काम दुसऱ्याने विनाविलंब हाती घेणे, या गोष्टी कार्यालयाच्या नित्य कामकाजाचाच भाग झाल्या पाहिजेत.